साडीचं झाड, कामांचं झाड

(वस्त्यांमधल्या महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी पुण्यात नोव्हेंबरअखेर झालेल्या एक दिवसाच्या बैठकीतलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी उभी राहिले आणि विषय सांगितला तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं, ते मला ऐकू आलं. हसण्याचं वाईट वाटलं नाही. सकाळी आपण पोटगीबद्दल बोललो, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याबद्दल बोललो, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज कसा करायचा ते बघितलं. आणि जेवणानंतर ही बाई सांगणार, नाताळचं झाड घरच्या घरी कसं करायचं! संघटना सोडून हस्तकलेचा वर्ग काढलाय की काय, असं कोणालाही वाटेल.

पण मला हा विषय आपल्याच एका बैठकीत मिळाला. गेल्या डिसेंबरमध्ये बचत गटाच्या बैठकीत एक बाई हजार रुपयांचं कर्ज मागायला आली. कशाला, तर झाड आणायला. पोरांनी शेजारच्या इमारतीत झाड बघितलं होतं आणि आपल्याकडे का नाही म्हणून रडारड चालली होती. गटातल्या दुसऱ्या बाईने तिथल्या तिथे सुनावलं, "अगं, प्लास्टिकच्या झाडाला कर्ज? व्याज भरशील आणि झाड माळ्यावर पडून राहील." पहिलीचे डोळे भरून आले. तिला गटाने कर्ज दिलं नाही. निर्णय नियमाप्रमाणे बरोबर होता. पण त्या रात्री ती काय घेऊन घरी गेली असेल, याचा विचार आपल्यापैकी कोणी केला नाही. मीही केला नाही.

सण हा बाईच्या जिवावर चालतो, हे आपण दिवाळीबद्दल बोलतो, गौरी-गणपतीबद्दल बोलतो. आपल्या मंडळांत ख्रिस्ती बायका आहेत, नगर जिल्ह्यातून (आता अहिल्यानगर म्हणायचं), जालन्याकडून, वसईकडून आलेल्या आहेत. त्यांच्या नाताळबद्दल आपण शुभेच्छा देण्यापलीकडे काही बोलत नाही. मी स्वतः त्याच समाजातली. म्हणून आज बोलते.

पहिल्यांदा हे झाड आलं कुठून ते बघू. कारण "झाडाशिवाय नाताळ नाही" असं ज्या ठामपणे बोललं जातं, तो ठामपणा मुळात फार जुना नाही.

बायबलमधल्या जन्माच्या गोष्टीत झाड नाही. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानात तारा आहे. उतारशाळेत जागा न मिळालेली, दिवस भरलेली बाई आहे. घरात सजवलेल्या झाडाची जुनी नोंद सापडते ती १६०५ सालची, स्ट्रासबुर्ग शहरातली. तिथले लोक दिवाणखान्यात सूचिपर्णी झाड उभं करून त्याला रंगीत कागदाची फुलं, सफरचंदं आणि मिठाई टांगत. म्हणजे त्या थंड मुलखात जे दारात उगवत होतं आणि घरात होतं, तेच वापरलं होतं. दोन-अडीचशे वर्षं ती जर्मन भाषिक मुलखाचीच चाल राहिली.

पुढे १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणी, तिचा जर्मन नवरा आल्बर्ट आणि मुलं झाडाभोवती उभी आहेत असं चित्र छापून आलं आणि इंग्लंडात मध्यमवर्गाच्या घराघरांत झाड पोचलं. दोन वर्षांनी, १८५० मध्ये, अमेरिकेतल्या 'गोडीज लेडीज बुक' या बायकांच्या मासिकाने तेच चित्र पुन्हा छापलं. मासिकाची संपादक बाई होती, सॅरा जोसेफा हेल. छापताना राणीच्या डोक्यावरचा मुकुट काढून टाकला आणि आल्बर्टच्या मिशा उडवल्या. राजघराण्याचं चित्र एका साध्या अमेरिकन कुटुंबाचं झालं! मला ही गोष्ट फार आवडते. ज्याला आपण 'मूळ परंपरा' म्हणतो ती लोकांनी अशी आपापल्या सोयीने कापून-जोडून घेतलेली असते. जर्मनीत जंगलं कमी होऊ लागली तेव्हा तिथल्या लोकांनी तारेला हंसाची पिसं बांधून, ती हिरवी रंगवून झाडं केली. त्याच देशाच्या एर्झगेबिर्ग या डोंगराळ खाणपट्ट्यात लाकडी मजल्यांचा मनोरा करतात. मेणबत्तीच्या उष्णतेने त्याचं वरचं चक्र फिरतं. पर्याय शोधणं ही चाल झाडाइतकीच जुनी आहे.

आपल्याकडे तर शब्दसुद्धा एका वाटेने आला आणि झाड दुसऱ्या वाटेने. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. झाड आलं इंग्रज आणि मिशनरी यांच्या बंगल्यांतून. आणि आपली माणसं तेव्हापासूनच विचारत आली आहेत की, श्रद्धा घेतली म्हणून सगळं सामानही परदेशी घ्यायचं का? पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या भगिनींशी वाद घातला की, क्रुसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नाहीत. साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम करत होते. त्यांनी अभंग आणि कीर्तनातून ख्रिस्त सांगितला. आमच्या घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळी, चकल्या होतात. त्याला आम्ही फराळच म्हणतो. मग झाडाच्या बाबतीतच आपण दुकानदाराचं का ऐकायचं?

आता एक घरातली गोष्ट सांगते.

१९९५ सालचा डिसेंबर. मी सात वर्षांची, धाकटा भाऊ चार वर्षांचा. आईने ऑक्टोबरमध्ये वडिलांचं घर सोडलं होतं. का सोडलं ते इथे बसलेल्या कोणाला फोड करून सांगायला नको. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी आणि आम्ही दोघं. पुण्यात एका वाड्यात दहा बाय बाराची खोली भाड्याने मिळाली. आई एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागली.

त्याच सुमारास ती वकिलाकडे गेली होती. वकिलाने सांगितलं, "मारहाण झाली एवढ्यावर तुम्हाला घटस्फोट मिळणार नाही. त्याचे बाहेर संबंध आहेत हे सिद्ध करा, आणि त्यासोबत छळही दाखवा." ख्रिस्ती लोकांना लागू असलेला भारतीय घटस्फोट कायदा १८६९ चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं, असं दुहेरी ओझं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली प्रगती वर्गीस खटल्यात या भेदभावावर बोट ठेवलं आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला, तेव्हा कुठे नुसती क्रूरता हे कारण पुरेसं ठरलं. पण १९९५ च्या डिसेंबरात आई कायद्याने त्या घरचीच होती आणि मंडळीतल्या लोकांच्या दृष्टीने 'नवऱ्याला सोडून आलेली' होती.

आम्हा मुलांना यातलं काही कळत नव्हतं. आम्हाला झाड हवं होतं. वडिलांच्या घरी दरवर्षी ते सुरूच्या झाडाचा शेंडा कोणाकडून तरी आणायचे, तो बादलीत वाळू भरून उभा करायचे. भाऊ रोज विचारायचा, "झाड कधी येणार?" आई म्हणायची, "येईल."

चोवीस तारखेला संध्याकाळी आईने पेटी उघडली. आत तिच्या साखरपुड्याची हिरवी साडी होती. जरीचा काठ, ठळक हिरवा रंग. घर सोडताना ती का घेतली, हे तिलाही सांगता आलं नसतं. ती साडी तिला नेसवत नव्हती आणि टाकवतही नव्हती. तिने साडीच्या निऱ्या घातल्या, वरचं टोक सुतळीने घट्ट बांधून खिडकीच्या वरच्या गजाला अडकवलं आणि खालच्या निऱ्या पंख्यासारख्या पसरून टाचण्या लावल्या. खिडकीवर हिरवा त्रिकोण उभा राहिला. जरीचा काठ तळाशी आला. मग तिने हातातल्या काचेच्या बांगड्या काढल्या, त्या दोऱ्याने त्यावर टांगल्या. आम्ही वहीच्या कागदाच्या चांदण्या कापल्या. वाड्याच्या मालकीणबाईंनी दिवाळीचा आकाशकंदील काढून ठेवला होता. त्या स्वतःहून वर आल्या आणि म्हणाल्या, "हा घे, सांगाडा चांगला आहे. कागद तेवढा बदल." आईने त्याला पांढरा कागद लावला.

त्या रात्री कॅरल म्हणणारे लोक आमच्या गल्लीत आले. पुढच्या वाड्यात थांबले, मागच्या वाड्यात थांबले. आमच्या दाराशी थांबले नाहीत. आई दिवा लावून दारात उभी होती. मी तिचा हात धरून उभी होते. ते पुढे गेले तशी ती आत आली आणि म्हणाली, "चला, आपणच म्हणू." आम्ही तिघांनी साडीच्या झाडासमोर बसून गाणी म्हटली. सकाळी उपासनेहून येताना मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई ताट झाकून घेऊन आल्या. खिडकीकडे बघत बराच वेळ बसल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "घर छान लावलंस."

'घर' म्हणाल्या. तोपर्यंत सगळे 'ती खोली' म्हणत होते.

मैत्रिणींनो, आम्ही हसतो तेव्हा कशाला हसतो ते आपण नीट बघायला पाहिजे. सजावट ही चैन असते खरी. पण नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईसाठी, पहिला सण आपल्या हाताने करणं म्हणजे 'हेही घर आहे, इथे पुरुष नसला तरी घर आहे' असं सगळ्यांसमोर म्हणणं असतं. म्हणून बचत गटात त्या बाईला आपण नुसतं 'नाही' म्हणून पाठवायला नको होतं. कर्ज देऊ नका. पण दुसरं काय करता येईल, ते तिच्यासोबत बसून बघा.

तर ते दुसरं काय, ते आता सांगते.

आधी काय करू नये. झाड तोडू नका, शेंडा छाटू नका. किनाऱ्यावर सुरूची बनं वारा आणि वाळू अडवायला लावलेली आहेत. शहरात तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय झाड तोडताच येत नाही. आणि नवीन प्लास्टिकचं झाड घेण्याआधी थांबा. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेने हिशोब मांडला आहे. दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं प्रदूषण होतं. तेवढंच खरं झाड वापरून कचऱ्याच्या ढिगात कुजवलं तर १६ किलो, जाळलं तर साडेतीन किलो. म्हणजे प्लास्टिकचं झाड दहा-अकरा वर्षं वापरलं तरच ते परवडलं असं म्हणायचं. त्यामुळे ज्यांच्या माळ्यावर आधीच आहे त्यांनी ते फेकू नये. पर्यावरणाच्या नावाखाली जुनं टाकून नवं 'पर्यावरणपूरक' विकत घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. जुनं धुवा, वापरा, शेजारणीला द्या.

आता काय करता येईल.

एक, साडीचं झाड. सांगितलंच. सुती साडी असेल तर निऱ्या नीट बसतात. खिळा ठोकायला घरमालक नको म्हणत असेल तर खिडकीचा गज किंवा कपड्यांची दोरी चालते. साडीजवळ मेणबत्ती किंवा पणती अजिबात ठेवायची नाही. दिव्यांची माळ लावायची तर वायर कुठे उघडी नाही ना ते बघायचं, आणि झोपताना बंद करायची.

दोन, वाळक्या फांदीचं झाड. पावसाळ्यात पडलेल्या किंवा रस्त्याकडेला छाटून टाकलेल्या फांद्या मिळतात. फाटे असलेली एक घ्यायची, साल खरवडायची, मडक्यात वाळू आणि दगड भरून उभी करायची. पानं नसलेलं झाड उदास दिसेल असं वाटतं, पण त्यावर टांगलेली प्रत्येक वस्तू दिसते, झाकली जात नाही. जुन्या बांगड्या, कापडाचे तुकडे भरून केलेले पक्षी, लग्नपत्रिकांच्या चांदण्या. सण झाला की फांदी चुलीला किंवा बंबाला.

तीन, धान्याचं झाड. हा मला सगळ्यांत आपला वाटतो. गोव्यात आणि वसईकडे गोठा करतात तेव्हा त्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून नाचणी किंवा गहू पेरतात. आपल्याकडे नवरात्रात घट बसवतात, तेव्हा रुजवण घालतात, तसंच. मोठं ताट, त्यावर मधली परात, त्यावर छोटी थाळी, अशी उतरंड रचायची. मधे वाट्या उपड्या ठेवायच्या. प्रत्येकात माती पसरून १२-१३ डिसेंबरला भिजवलेले गहू पेरायचे. रोज पाणी शिंपडायचं. नाताळपर्यंत मजल्यामजल्यांचं हिरवंगार झाड तयार होतं. मूठ-दोन मूठ गव्हाचा खर्च. नंतर ते गवत कोणाच्या शेळीला द्या.

चार, कुंडीतलं झाड. रोपवाटिकेत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा अरौकारिया. तिच्या या जाती प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या. कुंडीत छान दिसते, पण तिला उजेड लागतो. अंधाऱ्या खोलीत ती वाळते, आणि जमिनीत लावली तर इमारतीएवढी होते. त्यापेक्षा कढीपत्ता, लिंबू किंवा मिरचीचं रोप असेल तर त्याला लाल फीत बांधा. जानेवारीत त्याचा स्वयंपाकाला उपयोग होईल.

मैत्रिणींनो, इथपर्यंत सांगून मी थांबले असते तर हा खरंच हस्तकलेचा वर्ग झाला असता. पुढचं सांगायचं ते माझ्या एका चुकीबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही वस्तीत 'टाकाऊतून टिकाऊ नाताळ' अशी स्पर्धा घेतली. झाड विकत आणायचं नाही, घरातल्या वस्तूंतून करायचं. बक्षीस स्टीलचा डबा. चौदा घरांनी भाग घेतला. मला वाटलं, वा, काय प्रतिसाद आहे! पंचवीस तारखेला सकाळी आम्ही घरोघरी बघायला गेलो. झाडं खरोखर सुंदर होती. एका घरात छत्रीच्या काड्यांचं, एका घरात वर्तमानपत्रांच्या सुरळ्यांचं. आणि जवळजवळ प्रत्येक घरात डोळे तांबारलेली एक बाई होती. एकीला मी विचारलं, "कधी केलंस गं?" ती म्हणाली, "करंज्या रात्री दीडला संपल्या. मग कपडे. मग झाडाला बसले." तिचा नवरा कौतुकाने म्हणाला, "हिला असल्या गोष्टींची फार हौस."

मी डबा देऊन घरी आले, आणि मला झोप लागली नाही. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात स्त्रियांच्या अदृश्य श्रमांवर मी पानंच्या पानं लिहिली होती. आणि इथे मीच बायकांवर एक जादा काम लादून वर त्याची स्पर्धा लावली होती! बाजारातलं झाड पैसे मागतं. घरी केलेलं झाड वेळ मागतं. तो वेळ कोणाचा, हे विचारलं नाही तर 'सर्जनशील पर्याय' हा बाईच्या झोपेतून कापून घेतलेला पर्याय ठरतो. साधेपणाचं, काटकसरीचं, पर्यावरणाचं, सगळ्याचं ओझं शेवटी तिच्याच डोक्यावर येतं. आणि आपण तिला हौस म्हणतो.

त्यातून पुढच्या वर्षी कामांचं झाड निघालं. हे मी एकटीने काढलेलं नाही, गटातल्या बायकांनी बसून ठरवलं.

भिंतीवर खडूने झाड काढायचं. बस, एवढंच. एका डब्यात चोवीस चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर घरातलं एक काम लिहिलेलं: रात्रीची भांडी, पाणी भरणं, नारळ खवणं, आजीच्या गोळ्या आणणं, संडास धुणं, उद्याचा डबा. एक डिसेंबरपासून रोज एक चिठ्ठी उचलायची. घरच्या बाईने उचलायची नाही, हा नियम. ज्याने काम केलं त्याने चिठ्ठीवर आपलं नाव लिहून ती झाडाला चिकटवायची. नाताळपर्यंत झाड भरतं. घरी येणारा पाहुणा झाड वाचतो.

काय झालं ते खरं सांगते, चांगलंच झालं असं सांगणार नाही. काही घरांत गंमत झाली. एका मुलाने पहिल्यांदा कणीक मळली आणि ती चिठ्ठी अजून त्याच्या आईने जपून ठेवली आहे. एका घरात चोवीसपैकी सतरा चिठ्ठ्यांवर दहा वर्षांच्या मुलीचं नाव. भावाच्या सहा. बापाची एक. आईचं काम लेकीवर गेलं होतं, एवढाच बदल! पण ते भिंतीवर लिहिलेलं होतं. त्या बाईने बैठकीत सांगितलं, "इतकी वर्षं मला वाटायचं पोरगी थोडीफार मदत करते. मोजलं तेव्हा कळलं." आता चिठ्ठ्या सगळ्यांना सारख्या वाटायच्या, असा नियम केला आहे. आणखी एका घरात नवऱ्याने तेवीस तारखेला भिंत पुसून टाकली. लोकांनी वाचू नये म्हणून.

म्हणून कार्यकर्त्यांना एक सूचना. ज्या घरात मारहाण आहे, तिथे हा खेळ सुचवू नका. तिथे भिंतीवरचं नाव हे नवं निमित्त होऊ शकतं. आधी घराची माहिती, बाईचं मत, मग झाड.

शेवटचं झाड आमच्या आधारगृहातलं. तिथे सगळ्या धर्मांच्या बायका असतात. गेल्या वर्षी दोन ख्रिस्ती मुली होत्या, त्यांना नाताळ करायचा होता. आधी मला वाटलं, एका धर्माचं झाड सगळ्यांवर कसं लादायचं? बैठक घेतली. एक मुस्लिम बाई म्हणाली, "ईदला शीरखुर्मा सगळ्यांनी खाल्लाच ना!" वाळकी फांदी आणली. ठरलं असं की, वाईट वेळी जिने दार उघडलं त्या बाईचं नाव प्रत्येकीने कापडाच्या चिंधीवर लिहून बांधायचं. लिहिता न येणारीने गाठ बांधायची. मावशी, शेजारीण, भाजीवाली, एका बस वाहक बाईचंसुद्धा नाव आलं. एकीने मात्र काही बांधलं नाही. ती म्हणाली, "माझं दार कोणी उघडलं नाही." कोणी काही बोललं नाही. दुसरी एक ख्रिस्ती बाई त्या खोलीतच येईना. नाताळच्या रात्रीच तिच्या घरी सगळ्यांत जास्त मार बसायचा, कारण त्या रात्री दारू असायची. मग आम्ही ती फांदी झोपायच्या खोलीतून काढून व्हरांड्यात ठेवली. जिला बघायची ती बाहेर जाईल, जिला नको ती आत राहील. सण नाकारण्याची जागाही आपल्या संस्थांमध्ये असली पाहिजे, हे मला त्या बाईने शिकवलं.

तर यंदा आपापल्या मंडळात तीन प्रश्न विचारा. झाडाला पैसे किती आणि ते कोणाच्या खिशातून? झाडाला वेळ किती आणि तो कोणाचा? आणि झाड कोणाला दिसावं म्हणून? या तिन्हींची उत्तरं मिळाली की, झाड कसलं करायचं ते बायका बरोबर ठरवतात. आपण सांगायला लागत नाही.

आईची ती हिरवी साडी पुढे सहा वर्षं खिडकीला लागली. मग ती विरली. २००१ साली कायदा बदलल्यावर आईने अर्ज केला, आणि सगळं संपेपर्यंत आणखी वेळ गेला. निकालाचा कागद हातात आला त्या हिवाळ्यात तिने साडी उसवून गोधडीत घातली. आता ती गोधडी माझ्याकडे आहे. माझी मुलगी डिसेंबरात ती पांघरते, आणि विचारते, "ह्यातलं झाड कुठंय?" मी तिला जरीचा काठ दाखवते.

आता ज्या हसल्या होत्या त्यांनी पहिला प्रश्न विचारावा.